विजेतेपद म्हणजे कर्जमंजुरी नव्हे

डिसेंबर २०२३ चा पहिला रविवार. अमेरिकेत कोलंबस शहरी, लेकीच्या घरी होतो. जावईबापू सकाळपासून टीव्हीपुढे ठाण मांडून बसलेले. सामना मात्र नव्हताच. कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदासाठी कोणते चार संघ झुंजणार, ते तेरा जणांची समिती जाहीर करणार होती. (हा फुटबॉल आपला नव्हे, यात चेंडू पायापेक्षा हातातच अधिक असतो.)

फ्लोरिडा स्टेटचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकलेला, आपल्या गटाचा विजेता. तरी तो वगळला गेला. एकेक सामना हरलेले टेक्सास आणि अलाबामा आत आले. कारण? ज्याच्या हातून साऱ्या चढाया सुरू होतात तो त्यांचा क्वार्टरबॅक नोव्हेंबरात जायबंदी झाला होता. त्याच्यावाचून हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असे समितीचे मत पडले.

"बाबा, सर्वोत्तम चार निवडायचे असतात, सर्वाधिक जिंकलेले नव्हे," जावई म्हणाले.

"मग सामने खेळवता कशाला?" मी विचारले.

अडचण खरी आहे. वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक संघ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम बारा-तेरा सामने. सगळे सगळ्यांशी खेळणे अशक्य. म्हणून १९३६ पासून पत्रकारांनी आणि १९५० पासून प्रशिक्षकांनी मते देऊन अव्वल संघ ठरवला. दोघांचे एकमत न झाल्याने १९९७ च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का असे दोन विजेते झाले. १९९८ पासून संगणकाची गणितेही मदतीला घेतली, तरी २००३ मध्ये पुन्हा दोन. २०१४ पासून समिती आणि चार संघ. २०२४ पासून बारा.

बँकेतल्या नोकरीने मला एक भेद शिकवला. कर्ज मंजूर करताना उद्याचा अंदाज बांधावाच लागतो. ताळेबंद लिहिताना मात्र झाले तेवढेच लिहायचे असते. विजेतेपद हा ताळेबंद आहे. समितीने त्याची कर्जमंजुरी करून टाकली.

हे मी साळसूदपणे सांगत नाही. बढतीच्या मुलाखती घेणाऱ्या तिघांत एकदा मीही होतो. एका अधिकाऱ्याची अकरा वर्षांची नोंद निष्कलंक होती. पण काही महिन्यांपूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. 'धावपळीची शाखा त्याला झेपायची नाही,' असे आम्ही परस्पर ठरवले. झेपेल का, हे त्याला कुणी विचारलेच नाही. मी सही केली.

समितीचे समर्थक पुढचा निकाल दाखवतात. त्या मोसमाअखेर फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून ६३-३ असा चिरडला गेला. पण विजेतेपदाचे दार बंद झाल्यावर त्यांचे कितीतरी खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते. आधी आशा काढून घ्यायची आणि मग उमेद नव्हती म्हणायचे, हा न्याय नव्हे.

२०२४ मध्ये बारापैकी पाच जागा गटविजेत्यांना आणि सात समितीच्या पसंतीला, अशी वाटणी झाली. दोन सामने हरलेला, आठव्या क्रमांकावर ठेवलेला कोलंबसचाच ओहायो स्टेट मैदानावर एकेकाला हरवत अजिंक्य ठरला. चारांचीच पद्धत राहिली असती, तर त्याला दारही दिसले नसते. बारा संघ झाल्याने साखळीतल्या सामन्यांची धार बोथट होते, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही संधी देऊन हरणे आणि संधीच न मिळणे यांत अंतर आहे. माझ्या मते ते प्रमाण उलटे हवे: बहुतेक जागा जिंकून मिळाव्यात, समितीकडे थोड्याच उराव्यात.

आमचा तो अधिकारी निवृत्त होईपर्यंत रोज वेळेवर कामावर येत राहिला. जाता-येता मला नमस्कार करी. त्या नमस्काराला काय उत्तर द्यावे, ते मला कधी सुचले नाही.