कुजलेलं लाकूड मॅटखाली झाकू नका



फाल्गुनात आमच्या जाऊबाईंचा पाय गाडीच्या तळातून खाली गेला. गाडी दारातच उभी होती. त्या आतून डबे काढून देत होत्या. रेक्झिनचं मॅटिंग फाटलं आणि घोट्यापर्यंत पाय आत. खरचटण्यावर निभावलं. पण फाटलेल्या जागेतून जे दिसलं ते लाकूड नव्हतंच. चहाचा चोथा वाळावा तसा तपकिरी भुगा होता.

ही आमची यात्रेची मॅटाडोर. दुकानाच्या नावावर घेतलेली, एमएच १६ ची. मागच्या सीट काढून यांनी त्यात प्लायचं तळ, झोपायला फळ्या, भांड्यांचं कपाट आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती. सूर्यास्ताआधी जेवायचं, कांदा-लसूण नाही, पाणी उकळलेलं हवं. ज्यांना हे सगळं पाळायचं त्यांना हॉटेलच्या भरवशावर प्रवास करता येत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा मुलं म्हणाली, "आई, आपली तर आधीपासूनच आहे!" चिचोंडीला आनंदऋषीजींच्या जन्मगावी, पाथर्डीला, चातुर्मासात दर्शनाला नाशिक-इंदूरपर्यंत ही गाडी फिरली. सासूबाईंचा शेवटचा लांबचा प्रवास हिच्यातच झाला.

पाय गेल्यावर घरात सभा भरली. पुतण्या म्हणाला, "काकी, सोपं आहे. वरून नवीन पातळ प्लाय ठोकू, त्यावर चकचकीत मॅटिंग. साठ हजाराला गिऱ्हाईक तयार आहे. त्यांना तीर्थयात्रेलाच हवी आहे."

मी विचारलं, "त्यांच्या घरात लहान मुलं आहेत का?"

तो म्हणाला, "दोन आहेत. का?"

आज मला जे म्हणायचं आहे ते या "का?" वर आहे. आपल्याकडे श्रावकाच्या तिसऱ्या व्रताचे, म्हणजे अचौर्याचे, पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला शेवटचा प्रतिरूपक व्यवहार. चांगला माल दाखवून हलका माल देणं. आपण त्याचा अर्थ तुपात डालडा आणि धान्यात खडे एवढाच लावतो. पण कुजलेल्या तळावर नवीन मॅट टाकून गाडी विकणं हाही तोच अतिचार आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि यात तर नुसती फसवणूक नाही. त्या गाडीत उरलेल्या दोन सीटचे बोल्ट याच प्लायमधून खाली पट्टीला आवळलेले होते. लाकूड कुजलं की बोल्ट घट्ट वाटतो, पण धरत काहीच नाही. ब्रेक दाबला की सीट उखडणार. त्या सीटवर कोणाचं मूल बसणार होतं?

सगळ्यांना दुसरं आश्चर्य वाटलं ते म्हणजे नगरसारख्या कोरड्या भागात लाकूड कुजलं कसं. आपल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कधी पडतो कधी नाही. पण कुजायला पाऊस किती पडला हे महत्त्वाचं नसतं. आत गेलेलं पाणी बाहेर पडतं की नाही हे महत्त्वाचं असतं. लाकूड कुजवणारी बुरशी असते. तिचं बीज हवेत सगळीकडे असतंच, ते काढून टाकता येत नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ते बीज रुजत नाही. लाकूड दिवसेंदिवस चिंब राहिलं की रुजतं.

आमच्या गाडीत पाणी तीन वाटांनी आलं. टपावरच्या कॅरियरच्या बोल्टांपाशी, खिडकीच्या वाळून तडकलेल्या रबरातून, आणि सगळ्यात जास्त आमच्याच टाकीच्या नळातून. जे पाणी आम्ही गाळून, उकळून भरत होतो, तेच थेंबथेंब मॅटखाली मुरत होतं. वर रेक्झिन, त्यामुळे वाळायला वाट नाही.

सुतारमामा आले. त्यांनी मला एकच वाक्य सांगितलं, "ताई, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बैलगाड्या बघा. फळ्यांमध्ये फट असते. पाणी पडतं, खाली जातं, वारा लागतो. तुमच्या गाडीला श्वासच नाही."

मग जे केलं ते क्रमाने सांगते, कारण हे घराच्या चौकटीला, मोरीजवळच्या कपाटालाही लागू आहे.

आधी गळती बंद केली. हे आधी नाही केलं तर पुढचा सगळा खर्च पाण्यात. मग मॅटिंग पूर्ण काढलं आणि दुकानातल्या पोती शिवायच्या दाभणाने सगळं तळ टोचून पाहिलं. दाभण सहज आत शिरलं की तिथे खडूची खूण. डोळ्यांना हातभर दिसत होतं, दाभणाने निम्मं तळ निघालं. चैत्र-वैशाखात गाडी उघडी ठेवून ऊन खाऊ दिली, महिनाभर. खुणेच्या वीतभर पुढेपर्यंत, चांगलं लाकूड लागेपर्यंत कापलं. खालच्या लोखंडी पट्ट्या घासून गंजरोधक रंग दिला. सागाच्या नवीन रीपा टाकल्या. प्लाय घेताना दुकानदाराने एमआर दाखवली. तिच्यावरचा आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा मार्क. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारी, पाण्यात टिकणारी नव्हे. आम्ही आयएस ७१० ची, मरीन म्हणतात ती घेतली. कापलेल्या कडा आणि बोल्टची भोकं रंगाने बंद केली, कारण पाणी कडेतूनच शिरतं. टाकीखाली ट्रे आणि बाहेर जाणारी नळी. आणि मॅटिंग चिकटवलं नाही, नुसतं अंथरलं. उचलून बघता यावं म्हणून.

एक मैत्रीण म्हणाली, "बुरशी वाळवून मारलीस, ती हिंसा नाही का?" प्रश्न बरोबर आहे. रोजच्या सामायिकात इरियावहियं म्हणताना 'पणग' हा शब्द येतो, तो या फूलणीसाठीच. त्यात अनंत जीव मानले आहेत. हो, हिंसा झाली, आणि मी प्रतिक्रमणात ती आठवली. पण खरी चूक वाळवण्यात नव्हती. नळ गळतो हे मला दोन वर्षं माहीत होतं आणि मी खाली फडकं ठेवत राहिले, तिथे चूक झाली. त्याला आपल्याकडे प्रमाद म्हणतात. जयणा म्हणजे जीव झाल्यावर हळुवार मारणं नव्हे. तो उत्पन्नच होऊ नये इतकं कोरडं, स्वच्छ ठेवणं.

आता कॉमर्सवाली म्हणून हिशेबही देते. १५ टक्के घसारा दरवर्षी धरला तर लाख रुपयांची गाडी वीस वर्षांनी पुस्तकात चार हजारांचीही राहत नाही. दुरुस्तीला साडेएकवीस हजार लागले. पुतण्याचं म्हणणं, "काकी, हे गणित बसत नाही." पुस्तकात नाही बसत, मान्य. आणि लोखंडी सांगाडाच गेला असता तर मीही भंगारात द्या म्हटलं असतं. पण सांगाडा धड असताना दोन फळ्या कुजल्या म्हणून सगळं टाकायचं, नवीन घ्यायचं, याला अपरिग्रह म्हणता येणार नाही.

ते गिऱ्हाईक आलं. मी मॅट उचलून सगळं दाखवलं, जुने फोटोही. त्यांनी चहा घेतला, "कळवतो" म्हणाले, आणि कळवलं नाही. साठ हजार गेले. पुतण्या दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काकी, चातुर्मासात दर्शनाला हीच घेऊन जातो." जाण्याआधी त्याने स्वतः मॅट उचलून खाली हात फिरवला. कोरडं होतं.

तुमच्याही घरात एखादी जागा असेल, जिथे तुम्ही फडकं ठेवता. मृगाआधी ती उघडून बघा.