गाळलेलं पाणी, गाळलेल्या मुली

‘लैला’ पाहू नका, असं सांगणाऱ्या बायका मला खूप भेटल्या. पाहिली आहे का, असं विचारलं तर एकीनेही पाहिलेली नव्हती. म्हणून पहिल्याच भागाबद्दल लिहिते. एवढा एक भाग पाहा, मग भांडू.

सहा भागांची ही मालिका जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. प्रयाग अकबर यांच्या २०१७ च्या इंग्रजी कादंबरीवरून ऊर्मी जुवेकर यांनी ती उभी केली, पहिला भाग दीपा मेहतांनी दिग्दर्शित केला. काळ पुढचा. देशाचं नाव आर्यावर्त. शहरात ज्याची त्याची वस्ती वेगळी, मधे उंच भिंती. पाण्याची भयंकर टंचाई. शालिनी (हुमा कुरेशी) हिंदू, नवरा रिझ मुसलमान, लहानगी लेक लैला. अशा टंचाईतही त्यांच्या घरी पोहायचा तलाव आहे. माणसं घरात घुसतात, रिझला मारतात, शालिनीला उचलून नेतात, लैला नाहीशी होते. पुढे शालिनी दिसते ती बायकांना ‘शुद्ध’ करणाऱ्या केंद्रात. गुन्हा एकच, धर्माबाहेर लग्न. आणि लैलासारख्या लेकरांना तिथे एक शब्द आहे, ‘मिश्रित’.

आक्षेप ठरलेला: छे, आपल्यात असं कुठे असतं? नाही बाई, केंद्र नाही, पहारेकरी नाहीत. पण आपल्या समाजाची परिचय पुस्तिका उघडा. बाहेर लग्न केलेल्या मुलीचं नाव किती घरांत छापलंय? धाकटीचा बायोडेटा बघा. ‘दोन बहिणी, एक भाऊ’ असायला हवं तिथे ‘एक बहीण, एक भाऊ’. जिवंत मुलगी मोजणीतूनच गेली! मालिकेत निदान भिंत दिसते तरी. आपली भिंत कागदावर कोऱ्या जागेची आहे.

आणि हे करतं कोण? वडील पेपरात तोंड घालून बसतात. फोन कट करते काकू, फोटो उतरवते आत्या, ‘राखीला येऊ नकोस, लोक असतील’ हे आईच्या तोंडून वदवून घेतलं जातं. आदेश कुणाचाही असो, हात आपले असतात. म्हणून मी हे बायकांना उद्देशून लिहितेय.

शुद्धीचं म्हणाल, तर शुद्धीचं शास्त्र आपल्याला कुणी शिकवायला नको. पाणी गाळून प्यायचं हे आपण पाळण्यातच शिकलो. पण गाळणं तिथे संपत नाही, हे आजीला विचारा. फडक्यात जे सूक्ष्म जीव अडकतात ते मोरीत ओतायचे नाहीत. फडकं गाळलेल्या पाण्याने हळूच धुवून ते जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला आपण त्याचं घर परत देतो, आणि पोटच्या मुलीला? तिला फडक्यासकट फेकतो. मग सांगा, धर्माची बदनामी मालिका करते की आपण?

‘मिश्रित’ या शब्दाचंही बघू. खानवेलच्या बाजारात उभ्या राहा. वारली, कोकणा, गुजराती, मराठी, हिंदी, पाच मिनिटांत सगळं कानावर पडतं. दादरा नगर हवेलीवर १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. आपल्या दुकानांचं गिऱ्हाईक मिश्रित, गल्ल्यातली नोट मिश्रित, आपण बोलतो ती मराठीही अर्धी गुजरातीत भिजलेली. ते सगळं चालतं. चालत नाही ते फक्त मुलीचं मन. मुलाने बाहेरची आणली तर दोन वर्षं रुसवा, मग नातवाच्या बारशाला सगळे हजर. मुलीला ती दोन वर्षंही मिळत नाहीत.

आता मालिकेचंही चुकतं ते सांगते. पहिला भाग आपल्याला शालिनीसाठी रडवतो, पण तिच्या तलावातलं पाणी कुणाच्या हंड्यातून आलं, या प्रश्नाजवळ फार थांबत नाही. खानवेलहून दुधनीकडे गेलं की मधुबन धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. दमणगंगेचं हे पाणी वापीच्या कारखान्यांना जातं, दमणलाही जातं. आणि उन्हाळ्यात वरच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. भिंती बांधणारे वाईट हे खरं, पण भिंत नव्हती तेव्हाही शालिनीला ती बाई दिसली नव्हती. हे तिला लागू आहे तसं टँकर मागवणाऱ्या आपल्यालाही. शिवाय दुःखावर दुःख इतकं रचलंय, की पाहणारी बाई सुन्न होते, विचार करायचा राहून जातो. तरीही पाहा.

पाहून झाल्यावर दोन कामं करा. परिचय पुस्तिकेची नवी आवृत्ती निघेल, तेव्हा आपल्या घराच्या रकान्यात गाळलेलं नाव लिहून द्या. छापणारे हरकत घेतील, तेव्हा म्हणा, मग आमचं घरच छापू नका. आणि संवत्सरीला आपण शेकडो नंबरांवर ‘मिच्छामि दुक्कडं’ पाठवतो, ज्यांच्याशी कधी भांडलोही नाही त्यांनासुद्धा. यंदा त्या एका नंबरावर पाठवा. मेसेज नको, फोनच करा. ती उचलणार नाही कदाचित. पुन्हा करा.