अस्सल पिझ्झा कुणाच्या बापाचा?

इकडे अमेरिकेत दोन विषयांवरून चांगली शिकलेली माणसं हातघाईवर येतात. एक राजकारण आणि दुसरा पिझ्झा. २०१३ साली जॉन स्टुअर्टने आपल्या टीव्ही कार्यक्रमात शिकागोच्या डीप डिशची यथेच्छ धुलाई केली. जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कचे नवे महापौर बिल द ब्लाझिओ काट्या-सुरीने पिझ्झा खाताना दिसले, तर शहरभर गहजब! आणि हे दोघे भांडत असताना इटलीभक्त मधे पडून सांगणार, की बाबांनो, अस्सल पिझ्झा फक्त नेपल्सचा, बाकी सगळी नक्कल.

तर मंडळी, माझं भांडण या तिसऱ्या जमातीशी आहे.

नेपल्सची बाजू कागदोपत्री भक्कम आहे, हे मान्य. १९८४ पासून तिथे अस्सल पिझ्झा जपणारी संघटना आहे. २०१० मध्ये युरोपियन युनियनने नियमच छापले: लाकडाची भट्टी, सुमारे ४८५ अंश तापमान, ६० ते ९० सेकंद, व्यास ३५ सेंटिमीटरच्या आत. उत्तम! पण हे नियम नेपल्सच्या पिझ्झाचे आहेत, जगातल्या प्रत्येक पिझ्झाचे नव्हेत. शिवाय ज्या टोमॅटोवर एवढा रुबाब, तो सोळाव्या शतकात अमेरिका खंडातूनच युरोपात गेला.

मी पडलो इंजिनियर. मला पदार्थात आधी भट्टी दिसते. न्यूयॉर्कच्या गॅसच्या भट्टीत तापमान बरंच कमी, त्यामुळे पिझ्झा काही मिनिटं आत राहतो. तिथे ताजं, ओलं मोझरेल्ला घातलंत तर पाणी सुटून चिखल होईल. म्हणून कमी पाण्याचं चीज. ही भेसळ नव्हे, हे डिझाईन आहे. शिकागोत १९४३ साली पिझ्झेरिया उनो सुरू झालं. त्यांचा जाडजूड डीप डिश अर्धा तास तरी भाजावा लागतो. चीज वर ठेवलं तर करपेल, म्हणून चीज खाली आणि टोमॅटो वर. डेट्रॉईटचा चौकोनी पिझ्झा मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवायच्या पोलादी ट्रेमध्ये जन्मला. न्यू हेवनला कोळशाची भट्टी आणि जवळच समुद्र, म्हणून तिथे तिसऱ्यांचा पिझ्झा. प्रत्येक ठिकाणी हाताशी जे होतं त्याच्याशी जुळवून घेत माणसांनी उत्तर शोधलं. नेपल्सनेही हेच केलं होतं.

म्हणजे काहीही चालतं, असं मी म्हणत नाही. माझी कसोटी सरळ आहे: त्या गावची माणसं साध्या मंगळवारी ते खातात का? या कसोटीवर शिकागोवालेही अडचणीत येतात. डीप डिश तिथलाच, पण तो बहुतेकदा पाहुण्यांसाठी. घरी मागवतात तो पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकड्यांत कापलेला 'टॅव्हर्न' पिझ्झा. त्याचं कौतुक बाहेर बराच काळ फारसं कुणी केलं नाही. आणि सुपरमार्केटच्या फ्रीझरमधल्या खोक्यावर 'न्यूयॉर्क स्टाईल' छापलेलं असतं, त्याला मात्र मी खुशाल नकली म्हणेन. त्यामागे ना गाव आहे, ना भट्टी.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला याचं काय? आपली साबुदाण्याची खिचडी घ्या. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची.. चारही मूळचे अमेरिका खंडातले. तरी ती उपासाला चालते आणि अस्सल मराठी आहे! ती कुठून आली यामुळे नाही, पिढ्यान्‌पिढ्या आपण ती खाल्ली म्हणून.

हा 'अस्सल'चा दंडुका पदार्थांवर थांबत नाही, म्हणून एवढं तावातावाने लिहितोय. इथे वाढलेली मुलं सुट्टीत तिकडे येतात, 'ळ' ला अडखळत का होईना मराठीत बोलतात, आणि कुणीतरी काका हसून म्हणतात, "हे कसलं मराठी!" मूल गप्प होतं आणि पुढचं वाक्य इंग्रजीत बोलतं. काकांचं मराठी शुद्ध राहिलं, बोलणारा मात्र एक कमी झाला.

असो. शिकागोला आलात तर डीप डिश जरूर खा. पण एका संध्याकाळी एखाद्या गल्लीतल्या बारमध्येही डोकावा आणि शेजारच्या टेबलावर जे चौकोनी तुकडे दिसतील, ते मागवा.