चार ग्रॅमचं गणित

ऑक्टोबर लागला की माझ्या वर्गात पटावरची आणि बाकावरची संख्या जुळेनाशी होते. द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झालेली असते. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या निफाड-दिंडोरीच्या बागांत उतरतात, आणि बागायतदारांची पोरंही घरच्या कामाला अडकतात. पालकांकडून येणाऱ्या चिठ्ठीत ‘शेतीकामामुळे गैरहजर’ एवढंच असतं. पंचवीस वर्षं मी त्या चिठ्ठ्या टाचणीला लावत आलेय.

परवा आठवीत समप्रमाण चाललं होतं. पाच पेनांची किंमत चाळीस रुपये, तर आठ पेनांची किती? शेवटच्या बाकावर नऊ दिवसांनी उगवलेला एक मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, ‘‘काय, बागेत काय शिकून आलात?’’ वर्ग हसला. तो उठून म्हणाला, ‘‘जीए कालवायला, बाई.’’ जीए म्हणजे द्राक्षघडांवर फवारतात ते जिब्रेलिक ॲसिड.

एरवी मी ‘‘बसा’’ म्हटलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, खडू त्याच्या हातात दिला. त्यानं फळ्यावर लिहिलं : १ ग्रॅम, १०० लिटर, १० पीपीएम. मग म्हणाला, ‘‘आमचा ड्रम दोनशे लिटरचा. घड लांबवायला वीस पीपीएम पाहिजे. म्हणजे चार ग्रॅम. पण पावडर डायरेक पाण्यात नाही टाकायची, आधी ॲसिटोनमध्ये विरघळवायची.’’ समप्रमाण दोन्ही बाजूंनी वाढवलं होतं, एकही पायरी न लिहिता. माझ्या वहीत या मुलाच्या नावापुढे दोन वर्षं ‘कच्चा’ असा शेरा आहे.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘‘पीपीएम म्हणजे काय रे?’’ ते त्याला सांगता येईना. मग सगळ्यांनी मिळून शोधलं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, म्हणजे एक लाख ग्रॅम. लाखात एक, तर दहा लाखांत दहा. दशलक्षात दहा भाग! तास संपला. पेनांची किंमत तशीच राहिली.

घरी येताना एसटीत मी खुशीत होते. मग स्वतःचं ते ‘‘काय शिकून आलात’’ आठवलं आणि खुशी जरा उतरली. शिक्षणहक्क कायदा २००९चा. त्याच्या सतराव्या कलमात मारण्याला जशी बंदी आहे तशीच मानसिक छळालाही आहे. माझ्या टेबलाच्या खणातली छडी तेव्हाच गेली, जीभ मात्र नोकरीवर कायम राहिली. वर्गाला हसवून एका पोराला खाली बसवणं हे आम्हा शिक्षकांचं जुनं कसब आहे, आणि त्याची नोंद कुठल्याच तपासणीत होत नाही.

बाकी बदल पुष्कळ बघितले. २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं आणि त्याआधीपासून साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या ज्ञानरचनावादी वर्गांची कीर्ती आमच्यापर्यंत पोचली होती. तिथल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं राबून जे उभं केलं, ते बघून आलेल्यांपैकी काहींनी गावी पेंटर बोलावला आणि आठवड्याभरात फरशीवर रचनावाद रंगवून घेतला. रंग पक्का होता, अजून आहे. २०२४पासून ‘आनंददायी शनिवार’ आहे. कल्पना खरंच छान. फक्त आनंदाचा फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकावा लागतो, त्यामुळे शेवटच्या तासाला आम्ही मुलांना हसायला लावतो.

प्रयोगशील शाळांचा विषय निघाला की आमच्या शिक्षकखोलीत ठरलेलं उत्तर मिळतं. नाशिकच्या आनंद निकेतनचं नाव काढलं की, ‘‘त्यांचं काय, पालक हौशी आहेत.’’ मग कुणीतरी त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीच्या जिल्हा परिषद शाळेची आठवण करून देतं. तिथं केशव गावित सरांची मुलं एका वेळी दोन्ही हातांनी लिहितात, पालक कष्टकरी आहेत, आणि शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते. यावर खोलीत शांतता होते. मला तिथलं सगळंच पचतं असं नाही. सुट्टीच नाही म्हटल्यावर माझ्यातली आठवीतली मुलगी दचकते. पण ‘आमच्याकडे होणार नाही’ हे वाक्य तेव्हापासून मी जरा हळू आवाजात बोलते.

तर त्या जीएच्या तासाच्या दुसऱ्या दिवशी मी तोच प्रयोग ठरवून करायला गेले, आणि सपशेल आपटले. ‘‘आज प्रत्येकानं घरच्या कामातलं एक गणित आणायचं,’’ असं जाहीर केलं. बागायतदारांची चार मुलं हात वर करून तयार. मागे भिंतीकडेला सुरगाण्याकडची एक मुलगी बसते. टोळीबरोबर आली की शिक्षण हमी कार्ड घेऊन येते, टोळी गेली की जाते. तिनं मान वर केली नाही. माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. त्या मुलाच्या बापाच्या बागेत ड्रम कालवला जातो, तिची आई तिथं रोजानं जाते. घरचं ज्ञान शाळेत आणा म्हणणं सोपं. कुणाला ते मिरवता येतं आणि कुणाला लपवावंसं वाटतं, हे मी बघितलंच नव्हतं.

तेव्हा मला कोसबाड आठवलं. इथून घाट उतरून डहाणूकडे गेलं की ते लागतं. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७मध्ये त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला आल्या. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द डी.एड.ला असताना मी पाच गुणांसाठी पाठ केला होता. गुरांमागं हिंडणाऱ्या पोराला आधी ‘गैरहजर’ म्हणणं सोडावं लागलं असेल, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

ती मुलगी गुरुवारी डब्याच्या सुट्टीत टेबलापाशी आली. ‘‘बाई, माझं गणित भागाकाराचं हाय. चालंल?’’ म्हटलं, चालेल. तासाला तिनं फळ्याकडे न बघता सांगितलं, ‘‘बागेचं काम उक्तं घेतलं. टोळीला बारा हजार सहाशे भेटले. टोळीत साडेदहा माणसं.’’

वर्ग हसला. यावेळी मी हसवलं नव्हतं. परवाचा तो ड्रमवाला मुलगाच म्हणाला, ‘‘अर्धा माणूस कसा असंल?’’

‘‘मी,’’ ती म्हणाली. ‘‘सुट्टीत गेले हुते. मला अर्धं धरत्यात.’’

हसू थांबलं. तेरा वर्षांच्या मुलीचा मजुरीतला वाटा मी फळ्यावर मांडत होते. खडू खाली ठेवावा की पुढं लिहावं, हे कळेना. ती वाट बघत उभी होती.

‘‘साडेदहानं भागायचं कसं?’’ मी विचारलं.

‘‘दोन्हीकडं दुप्पट करायचं,’’ ती म्हणाली. ‘‘पंचवीस हजार दोनशे, भागिले एकवीस. बाराशे येत्यात. माझे सहाशे.’’