साडेतीनशे पायऱ्या

गावचे देऊळ फुकट असते म्हणून आपण पाहत नाही आणि परदेशातले तिकीट काढून पाहतो. मीही या नियमाला अपवाद नाही, मंडळी.

भाच्याकडे जर्मनीला गेलो, तेव्हा त्याने मला नर्डलिंगनला नेले. चहूबाजूंनी तट असलेले टुमदार गाव. मध्यभागी सेंट जॉर्जचे चर्च, १४२७ ते १५०५ या काळात बांधलेले. त्याच्या ९० मीटर उंच मनोऱ्याला तिथले लोक लाडाने ‘डॅनिएल’ म्हणतात! रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने पहारेकरी वरून आरोळी देतो. सुमारे ३५० पायऱ्या मी धापा टाकीत चढलो. वर गेल्यावर भाचा म्हणाला, “मामा, हे गाव उल्केच्या खड्ड्यात आहे. दीड कोटी वर्षांपूर्वीचा, चोवीस किलोमीटर रुंद. त्या आघातात जो दगड तयार झाला, त्याचेच हे चर्च. अगदी आपल्या लोणारसारखं!”

तिथल्या पहारेकऱ्याला हे कळताच त्याने विचारले, “मग तुमची देवळे कोणत्या दगडाची?” मी लोणारात जन्मलो, हो! पण “काळ्या” यापलीकडे मला उत्तर सुचले नाही.

घरी आल्यावर सारी हकिकत मोठ्या ऐटीने मायला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “साडेतीनशे पायऱ्या चढला तू? अन् मले कमळजेले न्याले तुले कधी येळ नाही भेटला.”

कमळजा म्हणजे सरोवराच्या काठची देवी. माय दर नवरात्रात खाली उतरत असे. गुडघे गेल्यापासून तिचे जाणे बंद झाले. “पुढच्या वर्षी नेतो,” असे मी किती वर्षे म्हणालो, त्याचा हिशेब तिच्याकडेच असेल.

दुसऱ्या दिवशी तिला गावातल्या दैत्यसूदनाला नेले. बाहेरच्या भिंतीवरील मूर्ती मी प्रथमच निवांत पाहिल्या. माय मंडपात टेकून बसली होती. मग मी एकटाच खाली उतरलो. देवीचे कुंकू कागदात बांधून घेतले, आणि वर चढताना नर्डलिंगनपेक्षा जास्त दमलो.

मायने कुंकू कपाळाला लावले आणि विचारले, “पानी कुठलोक आलं रे आता?”