पाण्यात उभी गाडी

पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एखादी गाडी पाण्यात बुडाली, की सल्लागार मंडळी छत्र्या घेऊन खाली उतरतात. "स्टार्टर मारून तर बघा!" हा सगळ्यांचा लाडका सल्ला, आणि माझ्या मते सर्वांत महागडा. मी मराठीचा मास्तर, पण एवढं मलाही कळतं: हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हा खर्च बहुधा मिळत नाही. इंजिनाचं संरक्षण जास्तीचे पैसे भरून वेगळं घ्यावं लागतं. तेव्हा चावीला हात न लावता टोइंगवाल्याला बोलवावं.

ही झाली उभ्या गाडीची गोष्ट. रस्त्यावर मात्र प्रश्न जिवाचा असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काही जण बंद गाडीतच गुदमरून गेले. तरी आजही अंधेरी सबवेत पाणी भरलं की "निघेल हो!" म्हणत गाडी घालणारे आहेतच. (मागून हॉर्न देणारेही.) पाणी वाढताना दिसलं की आधी काच खाली करावी, आणि गाडी तिथेच सोडून चालू लागावं. हप्ते बाकी असले तरी.