विश्लेषण : मुलं सांभाळणाऱ्या मावशींना परदेशी सोबत नेताय? पगार रुपयांत ठरवून का चालत नाही?

कंपनीच्या कामासाठी दोन-तीन वर्षं अमेरिकेला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या जोडप्यांसमोर एक प्रश्न हमखास येतो. बाळाला कोण सांभाळणार? तिथलं पाळणाघर महाग. आजी-आजोबांना पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिनेच राहता येतं. मग विचार येतो की, बाळाला जन्मापासून सांभाळणाऱ्या मावशींनाच सोबत न्यावं. इथल्या पंधरा हजारांऐवजी तीस हजार देऊ, राहणं-जेवण आपल्याकडेच. हा हिशोब दोन्ही बाजूंना पटतो. कायद्याला तो पटत नाही, आणि नेमक्या अशाच हिशोबावरून प्रकरणं अटकेपर्यंत गेली आहेत.

तीस हजारांचं प्रकरण काय होतं?

न्यूयॉर्कमधल्या भारतीय उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना १२ डिसेंबर २०१३ रोजी अटक झाली. त्यानंतर दिल्लीत अमेरिकी दूतावासाबाहेरचे अडथळे हटवण्यापर्यंत वाद चिघळला आणि सगळी चर्चा झडतीच्या पद्धतीवर व राष्ट्राच्या अपमानावर गेली. मूळ मुद्दा मात्र मुलं आणि घर सांभाळायला भारतातून नेलेल्या महिलेच्या पगाराचा होता. व्हिसासाठी दिलेल्या करारात ताशी ९.७५ डॉलर लिहिले होते, पण प्रत्यक्षात महिन्याला ३० हजार रुपयांचा दुसरा करार झाला होता, असा तपास यंत्रणेचा आरोप होता. त्यांच्या हिशोबाने आठवड्याला ४० तास धरले तरी हा दर ताशी ३.३१ डॉलर पडत होता. तेव्हा अमेरिकेतलं किमान वेतन ७.२५ डॉलर होतं.

खोब्रागडे यांनी आरोप फेटाळले. आरोपपत्र दाखल झालं त्या दिवशी त्यांना राजनैतिक संरक्षण होतं, म्हणून मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने ते रद्द केलं. दोनच दिवसांत नवं आरोपपत्र आलं, पण तोवर त्या भारतात परतल्या होत्या. आयटी कंपनीतल्या नोकरदाराला अर्थातच अशी ढाल नसते.

दुसरं प्रकरण अधिक ताजं आहे. जून २०२४ मध्ये जिनिव्हाच्या न्यायालयाने हिंदुजा कुटुंबातल्या चौघांना भारतातून नेलेल्या घरकामगारांच्या शोषणाबद्दल चार ते साडेचार वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली. मानवी तस्करीच्या आरोपातून त्यांची सुटका झाली आणि शिक्षेविरुद्ध त्यांनी अपील केलं. पगार रुपयांत भारतातल्या बँकेत जमा होणं आणि पासपोर्ट काढून घेणं, हे त्या खटल्यातले प्रमुख आरोप होते. राहणं-जेवण दिलं जात होतं, तेही मोजायला हवं, हा बचावही झाला.

‘घरातलीच आहे’ हे का चालत नाही?

आपल्याकडे मावशींचा पगार तोंडी ठरतो, सुट्टी ‘बघू’वर असते. घरकामगारांसाठी देशपातळीवर स्वतंत्र कायदा नाही. त्याचा विचार करण्यासाठी समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगावं लागलं. त्यामुळे महिन्याच्या आकड्यात विचार करायची सवय आपल्याला लागली आहे. तिकडे हिशोब तासांत होतो. शिवाय पगार कुठे ठरला किंवा कुठे जमा झाला याने फरक पडत नाही. काम ज्या देशात होतं, तिथलं किमान वेतन लागू होतं. मावशींनी खुशीने सही केली असली तरी त्या वेतनाखालची सही टिकत नाही.

ब्रिटनचं उदाहरण बोलकं आहे. तिथे मालकाच्या घरी राहून ‘कुटुंबातल्यासारखं’ वागवल्या जाणाऱ्या कामगाराला किमान वेतन न देण्याची सवलत कायद्यातच होती. तिचा गैरवापर होतो म्हणून १ एप्रिल २०२४ पासून ती काढून टाकली गेली.

अमेरिकेत नेता येतं का?

येतं, पण अटी कडक आहेत. एच-१बी किंवा एल-१ वर जाणाऱ्यांना घरकामगाराला बी-१ व्हिसावर नेता येतं. ग्रीन कार्डधारकांना ही सोय नाही. मावशींना या कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव हवा आणि साधारणपणे तुमच्याकडेच त्या वर्षभर आधीपासून कामाला असायला हव्यात. त्यामुळे जाण्याआधी महिनाभर कुणाला शोधून न्यायचं म्हटलं तर अडचण येते. लेखी करारात किमान किंवा त्या भागातलं प्रचलित वेतन, यापैकी जे जास्त असेल ते, मोफत राहणं-जेवण आणि जाण्या-येण्याचं तिकीट लागतं. तिथे पोहोचल्यावरही काम सुरू करण्याआधी कामाचा परवाना काढावा लागतो. ‘सध्या पर्यटक म्हणून येऊ द्या’ हा ट्रॅव्हल एजंटचा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. खोटं कारण सांगितलं की पुढचे व्हिसा मावशींचेही अडकतात.

आता आकडा पाहा. न्यूयॉर्क शहरात २०२५ मध्ये किमान वेतन ताशी साडेसोळा डॉलर होतं. आठवड्याला ४० तासांचे ६६० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे २,८६० डॉलर, रुपयांत जवळपास अडीच लाख. घरात राहणाऱ्या कामगाराला त्या राज्यात आठवड्याच्या ४४ तासांनंतर जादा दर द्यावा लागतो आणि सात दिवसांत एक सुट्टी. रात्री तीनला बाळ रडलं आणि मावशी उठल्या, तर तो वेळही कामाचाच. एवढा हिशोब मांडल्यावर पाळणाघर अनेकांना स्वस्त वाटू लागतं.

ब्रिटन आणि आखातात काय?

ब्रिटनमध्ये घरकामगाराचा व्हिसा सहा महिन्यांचाच असतो, वाढत नाही, आणि तो तात्पुरत्या भेटीला जाणाऱ्या कुटुंबासोबतच मिळतो. नोकरीसाठी दोन वर्षं जाणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ च्या कायद्याने आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला ३० दिवसांची रजा आणि स्वतःचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवण्याचा हक्क दिला आहे. आखातासाठी भारताचीही अट आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ नोंद असते. अशा महिलेला घरकामासाठी जायचं तर वय ३० पूर्ण हवं आणि सरकारची परवानगी हवी. आपल्याकडच्या कितीतरी मावशी याच गटात मोडतात.

निघण्याआधी काय करावं?

करार मराठीतही लिहा आणि मावशींच्या घरच्या एखाद्या शिकलेल्या माणसाला वाचायला द्या. पगार त्यांच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात, शक्यतो त्याच देशात, आणि रोज किती तास काम झालं याची दोघांच्या सहीची वही. वाद झालाच तर तुमच्या बाजूनेही हीच वही बोलेल. पासपोर्ट ‘हरवू नये म्हणून’ सुद्धा तुमच्या कपाटात नको. वेगळा फोन आणि आरोग्य विमा घ्या, कारण अमेरिकेत साध्या फ्रॅक्चरचा खर्चही पगाराच्या पलीकडे जातो.

आणि एक बाब करारात बहुतेक जण लिहीत नाहीत. दोन महिन्यांत मावशींना घरची ओढ लागली, भाषा न कळणाऱ्या गावात करमेनासं झालं, तर? त्यांचा तिथला मुक्काम तुमच्या नोकरीला बांधलेला असतो, ओळखीचं दुसरं दार नसतं. परतीचं तिकीट कधीही, कारण न विचारता आणि पगारातून न कापता मिळेल, हे वाक्य निघण्याआधीच लिहून ठेवावं लागतं.